एका माणसापुरती रायफल

रेन्डालेन, १४ जानेवारी २००९

सीव,

तुझं पत्र पोचलं. तू आणि मारेन दोघी बऱ्या असाल असं धरून चालतो. इकडे थंडी नेहमीसारखीच. पारा वर यायचं नाव घेत नाही, मेंढ्या गोठ्यात एकमेकींना चिकटून उभ्या असतात. गुन्वोरचं कंबरेचं दुखणं तसंच आहे, पण काठी घे म्हटलं की ती माझ्याकडे असं बघते की मीच गप्प बसतो.

फोन करा असं तू लिहिलं होतंस. फोनवर मला धड बोलता येत नाही. मी नुसता हं हं करतो आणि समोरच्याला वाटतं लाइन तुटली. म्हणून लिहितोय.

पोलिसांचा कागद तुलाही आला हे बरं झालं. आमचा एस्किल गेला तरी रायफल अजून त्याच्याच नावावर आहे. ईस्टरच्या आत ती कुणाच्या तरी नावावर करा, नाहीतर मोडीत काढण्यासाठी जमा करा, असं त्यात आहे. मुलगी म्हणून वारस मारेन, तिची पालक तू, म्हणजे सही तुझी लागणार. 'मला यातलं काही कळत नाही, योग्य किंमत तुम्ही ठरवा,' असं तू लिहिलंस. ठरवतो. आमच्या घरातली वस्तू म्हणून मी ती फुगवून सांगणार नाही, आणि आपल्यात जे झालं त्यावरून कमीही धरणार नाही. पैसा मारेनचा आहे.

गेल्या आठवड्यात ती घेऊन एल्वेरुमला गेलो. तिथल्या बंदुकीच्या दुकानातला अर्नफिन माझ्या जुन्या ओळखीचा. त्याने ती कापडावर ठेवली, बोल्ट मागे ओढला, नळीतून उजेडाकडे पाहिलं, दस्त्यावरून बोट फिरवलं.

"कुणाची?"

"एस्किलची."

"हं," म्हणाला. मग चष्मा पुसत बसला. "ओळखीचा म्हणून सांगू की गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून सांग."

"मग ऐक. जर्मन सैन्य जाताना टाकून गेलं त्यातली ही मॉझर. युद्धानंतर शिकारीसाठी बदलून घेतलेली. या खोऱ्यात अशा पुष्कळ आहेत. जशीच्या तशी असती तर सहा हजार क्रोनर, एखादा वेडा भेटला तर सात. पण हिची नळी कापलीय. दस्ता कापलाय, वर आतून पोखरलाय. बोल्टच्या टोकाला हा लाकडी गोळा. चाप इतका हलका की असं हत्यार मी दुकानात ठेवूच शकत नाही. पुढे खाली हा लोखंडी आकडा. गालाखाली ही कातड्याची गादी. ज्याने केलंय त्याचा हात चांगला आहे..."

"मीच केलंय."

"ते दिसतंय. काम चांगलंच आहे, ओडवार. पण सगळं एका माणसापुरतं आहे. दुसरा कुणी घेईल त्याला आधी हे सगळं काढावं लागेल, आणि त्याचा खर्च रायफलच्या वर जाईल. मी सुट्या भागांचे पंधराशे देऊ शकतो."

विचार करतो, म्हणालो. त्याने ती स्वतः गुंडाळली आणि गाडीपर्यंत आणून दिली. तो एरवी गल्ल्यामागून उठत नाही.

अर्नफिन चुकला असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. पंधराशे ही किंमत खोटी नाही, पण बरोबरही नाही असं मला वाटतं. का वाटतं ते अजून नीट सांगता येत नाही. थोडा वेळ दे.

मारेनला आता स्की लहान होत असतील. शेडमध्ये एक जोडी आहे, एस्किलची लहानपणची. तळ घासून मेण लावून ठेवलंय. कशी पाठवायची ते कळव.

ओडवार


रेन्डालेन, ३ फेब्रुवारी

सीव,

स्की ठेवायला तुमच्याकडे जागा नाही, समजलं. इथेच राहतील.

पंधराशेला देऊन टाका, असं तू लिहिलंस. 'मला ती घरात कुठल्याच रूपात नको, पैशाच्या रूपातही नको.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. गुन्वोरलाही वाचून दाखवलं, कारण या घरात पत्रं लपवत नाहीत. ती म्हणाली, "तिला सगळंच लवकर सोडून द्यायची सवय आहे." मी तसं म्हणत नाही. पण तिला गप्पही केलं नाही, तेव्हा तुला सांगून टाकतो.

किंमत ठरवायची म्हणजे काय काय बदललं ते आधी मांडलं पाहिजे. दोन हंगाम तू इथे होतीस, त्यामुळे अर्धं तुला माहीत आहे. तरी सगळं लिहितो.

पहिल्या शरदात बोल्टची मूठ एस्किलच्या बोटांत राहीना. थंडीमुळे होतंय, म्हणाला. मलाही थंडीच वाटली. मी लेथवर बर्चच्या लाकडाचा एक गोळा काढून मुठीवर बसवला, म्हणजे चिमटीत न धरता तळव्याने ढकलता येईल. तो हसला. "बाबा, दाराचा गोळा बसवलास की काय?" त्या वर्षी त्याने मोठ्या शिंगांचा मूस पाडला. तुला आठवत असेल, तू काळीज परतलं होतंस आणि मारेनने ते बशीखाली लपवलं होतं.

दुसऱ्या वर्षी वजन पेलेना. हॉस्पिटलात डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं तेव्हा तू त्याच्याबरोबर आत होतीस, मी बाहेर गाडीत होतो. तुम्ही दोघं आलात आणि मी गाडी सुरू केली. घरी आल्यावर मी नळी कापली. माझ्या वडिलांची रायफल होती ती. करवत लावताना मला काहीच वाटलं नाही, वजन कमी झालं पाहिजे एवढंच डोक्यात होतं. मग दस्ता आतून पोखरला. हात पूर्ण लांब होईनात म्हणून मागून कापून आखूड केला. धक्क्याने खांदा काळानिळा होत होता, म्हणून मागे रबर आणि पुढे आवाज दाबणारी नळी.

त्यानंतरच्या वसंतात तू गेलीस.

तिसऱ्या वर्षी चाप. एकाच बोटात काय ती ताकद उरली होती. मी चापाचा आतला भाग दगडावर घासायचो, तो खुर्चीत बसून ओढून बघायचा आणि म्हणायचा, "अजून थोडा." मग परत घासायचो. त्या वर्षीची नेमबाजीची परीक्षा त्याने बसून दिली आणि पास झाला. शिकारीच्या गटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते त्याला आवडलं नाही.

चौथ्या वर्षी गाडीत बसून शिकार करायची परवानगी मिळाली. रायफल खिडकीच्या कडेवर टेकावी म्हणून तो लोखंडी आकडा. मान सावरेना, म्हणून गालाला टेकायला दस्त्यावर लाकडाचा उंचवटा चिकटवला. तीनदा बनवला तेव्हा कुठे मनासारखा झाला. त्याच्यावरची गादी माझी नाही. ती योस्टाइनची असणार, टाक्यांवरूनच कळतं, एक लांब तर एक तोकडा. लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक चालवणाऱ्या माणसाचे हात ते.

चौथ्या हंगामाबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

योस्टाइनचाच विषय निघालाय तर सांगतो. त्याला रायफल हवी आहे. आठ हजार देतो म्हणतो. त्याच्याकडे स्वतःच्या दोन आहेत आणि हा दस्ता त्याच्या खांद्याला लागणारसुद्धा नाही. एस्किलचा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. पण दयेला मी किंमत म्हणणार नाही. शनिवारी येतोय. समोर बसवून विचारतो.

ओडवार


रेन्डालेन, २२ फेब्रुवारी

प्रिय सीव,

योस्टाइन येऊन गेला त्याला आता दोन आठवडे होतील. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं.

तो आला तेव्हा गुन्वोर गोठ्यात होती. मी कॉफी ओतली, रायफल टेबलावर ठेवली. त्याने आठ हजारांचं पाकीट काढून बाजूला ठेवलं.

"हिचं करणार काय तू?" मी विचारलं.

"भिंतीवर लावीन."

"भिंतीसाठी मी रायफल विकत नाही."

"मग मोडीत जाऊ देणार? ओडवार, घ्या ना पैसे. मारेनला होतील."

"मारेनला भीक नको, किंमत पाहिजे," मी म्हणालो. मग एकेक गोष्ट त्याला दाखवत गेलो, कशाने किंमत उतरते, कशाने नाही. गादीपाशी आलो तेव्हा म्हणालो, "ही तुझी. ही मी धरत नाही, तू काढून घेऊन जा."

तो कप फिरवत राहिला.

"ती माझी नाही."

"मग कुणाची?"

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"एस्किलला."

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग त्याने सांगून टाकलं, टेबलाकडे बघत, घाईघाईने.

दर मंगळवारी गुन्वोरला कंबरेच्या व्यायामासाठी मी टिन्सेटला न्यायचो. तेवढा दिवस, एस्किल राहायचा त्या नदीकाठच्या घरात, त्याच्याजवळ योस्टाइन थांबायचा. ट्रकच्या फेऱ्या त्याने त्यासाठी बदलून घेतल्या होत्या, आणि या माणसाचे उपकार कसे फेडायचे असं आम्ही दोघं वाटेत म्हणायचो. तो ट्रकमध्ये बसून राहायचा हे आम्हाला कुठून कळणार? आत तू असायचीस. हामारच्या तुझ्या घरून एवढं अंतर गाडी चालवत यायचीस, गाडी लाकूड गिरणीमागे लावायचीस आणि नदीच्या कडेने बर्फातून चालत यायचीस. दोन हिवाळे. मधला उन्हाळा धरला तर त्याहून जास्त.

आणि तू गेली नव्हतीस, तुला त्याने घालवलं होतं. "मारेनने मला चालताना पाहिलंय, तेवढंच तिच्यापाशी राहू दे," असं तो म्हणाला होता म्हणे. आईला कळलं तर ती तुझ्या पाया पडून तुला थांबवेल, म्हणून आम्हाला सांगायचं नाही, असं तुझ्याकडून वदवून घेतलं. त्यानंतर गुन्वोर तुला जे बोलली ते सगळं तू ऐकून घेतलंस. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर मारेनला घेऊन बसलीस आणि कॉफीच्या आधी निघून गेलीस. मला तुझ्या कोटाची पाठ दिसली होती.

मी तो लाकडी उंचवटा तीनदा बनवला असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. तो त्याच्या जबड्याला लागत होता. कातडी सोलवटली होती. मला सांगितलं नाही त्याने. मी इतका खूश होतो म्हणून नाही सांगितलं, असं योस्टाइन म्हणाला. तुला सांगितलं.

एवढ्यात गुन्वोर गोठ्यातून आत आली. योस्टाइन पाकीट उचलून, टोपी न घालताच निघाला. ती कप उचलायला टेबलापाशी आली. एस्किल गेल्यापासून तिने त्या रायफलला हात लावला नव्हता. आताही ती बाजूला सारायला म्हणून हात पुढे केला आणि बोटं गादीवर थांबली. तिने लोकर विंचरल्यासारखी बाजूला केली.

"हे आपल्या कोकराचं आहे."

"कोकराचं कातडं सगळ्यांचं सारखंच," मी म्हणालो.

"सारखं नाही. ही करडी कुरळी लोकर त्या एका मेंढीच्याच पिल्लांना यायची. मी कमावलंय हे. मारेन झाली तेव्हा बाबागाडीत घालायला दिलं होतं." मग माझ्याकडे वळली. "हे इथे कसं आलं?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती बसली नाही. माझं संपल्यावर नुकताच काढलेला कोट परत घालून गोठ्यात गेली. मेंढ्यांचं सगळं आधीच झालं होतं, तिथे काही काम नव्हतं. मी बटाटे उकडत ठेवले, दुसरं काय करावं ते सुचेना. खूप वेळाने आली, हात धुतले, समोर बसली.

"मंगळवारी तिला जेवायला कोण घालत होतं?"

"योस्टाइन म्हणतो, गाडीत पाव खायची."

"दोन हिवाळे?"

"हो."

तिने एक बटाटा सोलला आणि ताटात ठेवून दिला. खाल्ला नाही. त्यानंतर आजपर्यंत तिने तुझं नाव काढलेलं नाही. पण आधी जसं काढत नव्हती तसं ते नाही, एवढं मला कळतं.

आता मला तुला एक विचारायचं आहे. त्यासाठी चौथ्या हंगामाबद्दल लिहावं लागेल.

शेवटचा शनिवार होता. दलदलीच्या कडेला गाडी उभी केली होती. तो माझ्या शेजारी, रायफल खिडकीवर आकड्यात बसलेली, गाल गादीवर, बोट मी उचलून चापावर ठेवलेलं. मूस झाडीतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. अंतर काहीच नव्हतं, लहान मुलालाही जमलं असतं. मी श्वास रोखून बसलो. मूस उभा होता. उभाच होता. मग त्याने मान हलवली आणि चालत झाडीत गेला. एस्किल म्हणाला, "केवढा मोठा होता, बाबा." मी हो म्हणालो. आम्ही घरी आलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. चाप अजून जड होता. मी आणखी थोडा घासायला हवा होता. धोका नको म्हणून हात आखडला, आणि ज्या एका क्षणासाठी एवढी कापाकापी केली त्या क्षणी माझी रायफल चालली नाही. अर्नफिनने पंधराशे सांगितले ते मला कमी वाटले नव्हते, सीव. जास्त वाटले होते. म्हणून मला किंमत ठरवता येत नव्हती.

त्या शनिवारनंतर मंगळवार आला असेल. तू आली असशील. तो तुला काही बोलला असेल तर कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ओडवार


रेन्डालेन, २९ मार्च

सीव, पोरी,

तुझं पत्र मी आधी शेडमध्ये एकट्याने वाचलं, मग गुन्वोरला वाचून दाखवलं. तू काही मऊ करून लिहिलं नाहीस याबद्दल तुझे आभार मानतो.

सप्टेंबर लागला तेव्हाच त्या बोटातली ताकद गेली होती, असं तू लिहिलंस. चमचासुद्धा त्याला हलवता येत नव्हता. चाप कितीही हलका केला असता तरी बोटापर्यंत हुकूमच पोचत नव्हता. हे त्याला गाडीत बसायच्या आधी माहीत होतं. मग जातोस कशाला, असं तू विचारलंस, आणि तो म्हणाला, "घरात बाबा माझ्याकडे बघत नाही, रायफलकडे बघतो. गाडीत बसलं की दोघं मिळून दलदलीकडे बघतो. ते बरं असतं."

ते खरं आहे. मी रायफलकडेच बघत होतो. तिचं काहीतरी करता येत होतं.

गुन्वोरने ते वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "तो तुझ्यावर रागावलेला नव्हता, एवढं तरी ऐकू आलं का तुला?" मी म्हणालो, ऐकू आलं. मी रडलो. गुन्वोरसमोर पहिल्यांदाच. तिने माझी पाठ थोपटली, जोरात, मेंढीची थोपटतात तशी.

आता रायफलचं.

अर्नफिनचा फोन आला. टिन्सेटच्या पलीकडे तोर्दिस म्हणून एक बाई आहे, माझ्याहून थोडी लहान असेल, तिच्याही मेंढ्याच आहेत. संधिवाताने हातांची बोटं वाकडी झाली म्हणून तिने शिकार सोडली होती. अर्नफिनने तिला सांगितलं होतं की असं असं एक हत्यार आहे, बघून तरी ये. मागच्या शनिवारी ती आली. बुटकीशी बाई, फार बोलत नाही. रायफल हातात घेऊन तिने खालीवर केली.

"हलकी आहे."

"आतून पोखरलीय."

तिने तळव्याने गोळा ढकलून बोल्ट उघडला, मिटला, परत उघडला. मग तसंच पुन्हा पुन्हा करत राहिली. तिच्या तोंडाकडे बघवेना. "दोन वर्षं मला हे माझ्या रायफलवर जमलेलं नाही," ती म्हणाली. "नवरा म्हणायचा मी बोल्ट ओढून देतो. नवऱ्याने बोल्ट ओढून द्यायचा असेल तर मग त्यानेच जावं शिकारीला."

चाप तिच्यासाठी फारच हलका होता, धोक्याचा होता. मी तिला कॉफी दिली आणि शेडमध्ये जाऊन तो जड केला. इतकी वर्षं एकाच दिशेने काम केलेलं, हात उलटा चालेना. तिच्या बोटाला झेपेल इतपत ठेवला. मग आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. मी तिच्या मागे उभा होतो. पहिला बार झाला तेव्हा मला जरा बाजूला जाऊन कुंपणाला धरावं लागलं. तिने ते पाहिलं असेल, पण मान वळवली नाही. आणखी गोळ्या झाडल्या, सगळ्या जिथे लागायला हव्यात तिथे लागल्या.

"काय घ्याल?" परत आल्यावर तिने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने परत एकदा गोळा ढकलून पाहिला. "दुकानात नवी घेतली असती तर तिला हे सगळं करायला माणूस शोधावा लागला असता. असा माणूस मला कुठे भेटणार होता? साडेसहा हजार."

"सहा," मी म्हणालो. "दस्ता तुम्हाला सेंटिमीटरभर जास्त आखूड होतोय, त्याला जोड द्यावी लागेल."

"सहा," ती म्हणाली, आणि आम्ही हात मिळवले.

ही योग्य किंमत आहे, सीव. यात दया नाही आणि मोडीचा भावही नाही. ज्याला ती उपयोगाची आहे त्याने दिलेली आहे. कागद सोबत पाठवतोय, जिथे मारेनचं नाव आहे तिथे तिच्या वतीने सही कर. पैसे घरात नकोत असं तू लिहिलं होतंस. नको असतील तर बँकेत राहू देत, पुढे तिचं तिला ठरवू दे.

गादी रायफलबरोबर गेली नाही. तोर्दिस यायच्या आदल्या दिवशी गुन्वोर चष्मा लावून, नखं कापायची कात्री घेऊन बसली आणि तुझे टाके एकेक करून उसवले. कातडं कुठे कापलं गेलं नाही. उसवताना म्हणाली, "किती वाईट शिवलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "सुई बोटात गेली असणार तिच्या, हे जाड असतं." आता ते कपाटात तिच्या चर्चच्या कपड्यांवर ठेवलेलं आहे. पत्राबरोबर पाठवू का, असं मी विचारलं. पोस्टाने पाठवायची वस्तू नाही ती, म्हणाली.

आणखी एक. गुन्वोरने परवा स्वतः फोन करून कंबरेच्या व्यायामाचा वार बदलून घेतला. आता गुरुवारी जावं लागेल. का बदलला ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ईस्टरच्या सुट्टीत मारेनची शाळा बंद असेल.

मंगळवारी आम्ही दोघं घरी असतो. गाडी अंगणात लाव.

तुझा,
ओडवार